पुस्तकांच्या पेट्या फिरल्या, तशा अवजारांच्याही फिराव्यात

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

हौसेखातर घरी सुतारकाम करणाऱ्या आम्हा नऊ-दहा बडोदेकरांच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे. आमच्यात एक दंतवैद्य आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी आहेत, शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या एक बाई आहेत, आणि मी स्वतः शाळेत २३ वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. महिन्यातून दोन रविवारी आम्ही कोणाच्या तरी गॅलरीत किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात जमतो, आपापली कामे एकमेकांना दाखवतो, चुका सांगतो आणि अवजारे उसनी देतो-घेतो. या उसनवारीतूनच पुढील सूचना सुचली आहे आणि ती आपल्या वृत्तपत्रामार्फत महानगरपालिकेपर्यंत, शहरातील मराठी मंडळांपर्यंत आणि ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे अशा कोणत्याही संस्थेपर्यंत पोहोचावी, एवढाच या पत्राचा उद्देश आहे. सूचना अशी की, वाचनालयातून पुस्तक न्यावे तशी सुतारकामाची हातअवजारे सभासदांना ठरावीक मुदतीसाठी घरी नेता यावीत आणि जे काम घरात करता येत नाही ते तिथेच बसून करता यावे, अशी एक तरी खोली बडोद्यात असावी.

ही कल्पना या शहराला परकी नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला, तेव्हा ज्या गावात ग्रंथालय उभे राहणे शक्य नव्हते तिथे पुस्तके पेटीत भरून पाठवली जात. गावाने ती वाचावीत, परत करावीत आणि दुसरी पेटी मागवावी, अशी ती व्यवस्था होती. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही जाणाऱ्या आपल्या वाचकांना हा इतिहास ठाऊक असेल. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, याच महाराजांनी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले, जिथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांच्या जोडीने सुतारकामही शिकवले जात असे. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. ज्या शहराने हाताच्या कामाला शाळेचा दर्जा दिला आणि पुस्तकाला पाय दिले, त्या शहरात एका नागरिकाला चांगल्या धारेची पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, चार दिवसांसाठी उसनी मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझी स्वतःची सुरुवात एका पेटीनेच झाली. आमचा रावपुऱ्यातला जुना वाडा पाडायचे ठरले, तेव्हा माळ्यावर सासऱ्यांची अवजारांची पेटी सापडली. तीत दोन रंधे, तीन पटाश्या, काटकोन तपासायचा एक गुण्या, एक लहान करवत, भोके पाडायचा एक सामता आणि कापडात गुंडाळलेला धार लावायचा दगड होता. सासरे कचेरीत कारकून होते. पण घरातला देव्हारा, फडताळे, पाळणा आणि पतंगांच्या दिवसांतल्या सगळ्या मुलांच्या फिरक्या त्यांनी स्वतः केल्या होत्या, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. वाड्याच्या तुळया आणि दरवाजे भंगार घेणाऱ्याने एकगठ्ठा उचलून नेले. त्यांतली एकच चौकट मी आग्रहाने ठेवून घेतली. ती पुढे कापली, तेव्हा वरचा काळा थर निघून गेल्यावर आतून जो सोनेरी रंग आणि तेलकट वास आला, तो आजच्या बाजारात मिळणाऱ्या सागवानात मला अजून आढळलेला नाही. तांबेकर वाडा ज्यांनी आतून पाहिला आहे त्यांना, जुन्या बडोद्याने लाकडाचा किती विचारपूर्वक उपयोग केला होता, हे वेगळे सांगायला नको. ते लाकूड आता रोज थोडे थोडे शहराबाहेर चालले आहे, आणि ते ओळखणारे डोळेही त्याच वेगाने कमी होत आहेत.

पेटी मिळाली, तरी ती वापरण्याचे ज्ञान पेटीत नव्हते. मी केलेली पहिली वस्तू म्हणजे एक पाट. एक फूट रुंदीची सागवानी फळी आणली आणि खाली दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून वर स्क्रूने घट्ट आवळल्या. ऑगस्ट महिना होता. पाट सुरेख झाला, गौरीच्या जेवणाला मांडलाही. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री स्वयंपाकघरातून काडकन आवाज आला, आणि सकाळी पाहते तो पाट मधोमध उभा तडकलेला. मला वाटले, दुकानदाराने कच्चे लाकूड दिले. दोष माझा होता, हे आमच्या गटातल्या रेल्वेवाल्या गृहस्थांनी दाखवून दिले, तेही आमच्याच घरातला आजेसासूबाईंच्या काळातला पाट उलटा करून. त्या पाटाच्या पायपट्ट्यांना ना खिळा होता, ना सरस. फळीच्या खालच्या बाजूस तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच काढलेली होती आणि तीत त्याच आकाराची पट्टी बाजूने सरकवून बसवलेली होती. पट्टी फळीला वाकू देत नाही, मात्र फळीला रुंदीत फुगायला आणि आकसायला पूर्ण मोकळीक देते.

याचे कारण विज्ञानाच्या शिक्षिकेला आधी सुचायला हवे होते. लाकूड कापले आणि वाळवले, तरी ते हवेतील ओलावा घेतच राहते आणि सोडतच राहते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याचे माप जवळजवळ बदलत नाही. जे बदलते ते आडवे. त्यातही, वाढीच्या वर्तुळांच्या कडेने सागवान जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते वर्तुळांना काटकोनात आकसते, आणि म्हणूनच खोडाच्या मध्यातून उभी कापलेली फळी कमी वाकते व महाग पडते. आपल्या बडोद्यात मे महिन्याची कोरडी झळ आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा यांत इतके अंतर आहे की, एक फूट रुंदीच्या फळीत वर्षभरात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. त्या फळीला दोन्ही कडांनी जखडून टाकले, तर ती कुठेतरी फुटणारच. साग हे यातले शांत लाकूड. आंबा किंवा बाभूळ याहून अधिक हलते. टेबलाचा वरचा पृष्ठभाग चौकटीला बसवताना स्क्रूचे भोक लांबट ठेवावे, दरवाजाची मधली फळी चौकटीच्या खाचेत चिकटवू नये, पावसाळ्यात केलेल्या खणाला उन्हाळ्याचा आणि उन्हाळ्यात केलेल्याला पावसाळ्याचा विचार करून फट सोडावी, हे सगळे त्या एका उलट्या पाटाने मला शिकवले. लाकूड विकत आणल्यावर ते लगेच कापण्याऐवजी, ज्या घरात वस्तू राहणार आहे त्याच घरात, खाली बारीक पट्ट्या घालून, चहूबाजूंनी वारा लागेल असे निदान दोन-तीन आठवडे ठेवावे, ही सवयही तेव्हापासूनची.

धारेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नवशिक्याचे हे काम सुटते ते बहुधा इथेच. दुकानातून आणलेली पटाशी धारदार नसते. तिची पाठ आधी दगडावर घासून टोकाजवळचा बोटभर भाग आरशासारखा सपाट करावा लागतो. पाठ सपाट नसेल तर पुढचा उतार कितीही घासला तरी धार येत नाही. मग साधारण २५ अंशांचा उतार आणि त्याच्या अगदी टोकाशी ३० अंशांची केसासारखी अरुंद पट्टी द्यायची. पाठीवर बोट फिरवल्यावर धातूची बारीक लव लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली असे समजावे, आणि ती लव चामड्यावर ओढून काढावी. लाकडाच्या कापलेल्या टोकावर पटाशी दाबली आणि तंतू न चुरगळता स्वच्छ काप निघाला की झाले. हे वाचून समजते. पण दगडावर मनगट किती घट्ट धरायचे हे ज्याच्या शेजारी बसून पाहावे असा माणूस मिळाला नाही, तर सहा महिने वाया जातात. माझे गेले. लाकडी रंध्याचे पाते पुढे आणायचे असेल तर पात्याच्या माथ्यावर आणि मागे घ्यायचे असेल तर रंध्याच्या मागच्या टोकावर हलकेच ठोकायचे, एवढीशी गोष्टसुद्धा मला एका वयस्क सुतारदादांनी जाता जाता दाखवली, तेव्हा मी त्या रंध्याशी वर्षभर झगडत होते. रंधा ओढताना फळीच्या कडेकडे पाहावे, रेषा ज्या दिशेने वर चढत जातात त्या दिशेने ओढावा, म्हणजे तंतू उपटले जात नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. असे ज्ञान हातातून हातात जाते आणि त्यासाठी दोन माणसे एका ठिकाणी बसावी लागतात.

बसायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. वाडे गेले, अंगणे गेली. दोन खोल्यांच्या सदनिकेत करवतीचा आवाज शेजाऱ्याच्या झोपलेल्या बाळापर्यंत पोहोचतो, आणि भुसा तर आपल्या घरातल्या भाजीपर्यंत. आमच्या सोसायटीच्या समितीने मला दुपारी ठोकाठोक करू नये असे कळवले, आणि ते योग्यच होते. मी शेजारी असते तर मीही तेच म्हटले असते. त्यावर आम्ही जमेल तसे उपाय शोधले. आपल्याकडचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, लाकूड पायाने धरून काम करत आले आहेत. त्या बैठकीला टेबल लागत नाही, लाकूड आवळून धरणारा शेगडा लागत नाही, आणि खाली जाड सतरंजी घातली तर ठोके खालच्या मजल्यावर फारसे जात नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मात्र ही बैठक नाही. महागड्या क्लॅम्पऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून त्या ताणून गुंडाळल्या, तर वाकड्या आकाराच्या वस्तूही सरस धरेपर्यंत घट्ट राहतात. रेघ पेन्सिलीऐवजी धारदार चाकूने आखली आणि करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवली, तर जोड पहिल्याच खेपेस बसण्याची शक्यता पुष्कळ वाढते. जपानी पद्धतीची ओढून कापणारी करवत सदनिकेत फार सोयीची पडते, कारण ती पातळ असते, कमी आवाज करते आणि भुसाही कमी पाडते. मात्र आमच्या नऊ-दहा जणांत अशी करवत एकच आहे आणि ती सतत कोणाच्या तरी स्कूटरच्या डिकीतून शहरभर फिरत असते. म्हणजे फिरती पेटी एका अर्थाने सुरू झालीच आहे. तिला फक्त पत्ता नाही.

लाकूड विकत घेणे हाही नवशिक्याला घाबरवणारा भाग आहे. वखारीत भाव घनफुटाने सांगतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. म्हणजे सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड फळी पाव घनफूट भरते. हे एवढे गणित पाठ असले की व्यवहार स्वच्छ होतो. वलसाडी साग म्हणून जे दाखवले जाते ते हातात घेऊन आधी कड पाहावी. फिकट, पांढरट पट्टा जितका रुंद तितके ते कोवळे, आणि त्या पट्ट्याला वाळवीपासून संरक्षण नाही. टिकतो तो आतला गाभा. जुने लाकूड मिळाले तर ते अवश्य घ्यावे, परंतु रंधा लावण्यापूर्वी त्यावरून एक जोरकस लोहचुंबक सावकाश फिरवावे, कारण लाकडात बुडालेला एक खिळा पात्याची आठवडाभराची मेहनत क्षणात घालवतो. प्लायवूड घेताना भारतीय मानकाचा क्रमांक वाचावा. ३०३ हा घरातल्या सामान्य वापराचा, ७१० हा पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या जागेचा. दुकानात तोंडी सांगितलेल्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दापेक्षा तो छापील आकडा अधिक भरवशाचा.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र आणखी पुढे ढकलू नये असे मला वाटले, ती सांगते. आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने फोनवर एक चित्रफीत पाहून लोखंड घासण्याच्या हातातल्या ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावले. ते यंत्र मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. दाते लाकडात अडकले की ते यंत्र हातातून उसळते, आणि अशा पात्यासाठी त्याला योग्य झाकणही नसते. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना टाके पडले आणि एक बोट आजही पूर्ण मिटत नाही. तो हुशार मुलगा आहे, निष्काळजी मुळीच नाही. त्याच्याजवळ योग्य करवत नव्हती आणि ‘हे करू नकोस’ असे सांगणारे त्या दुपारी कोणी नव्हते, एवढेच. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत, कारण मोज्याचा धागा सापडला की हात ओढला जातो, हेही बऱ्याच जणांना उलटेच ठाऊक असते.

धुळीबाबतही असेच अज्ञान आहे. लाकडाची धूळ म्हणजे झाडाची धूळ, ती काय करणार, असे आपण समजतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे; नाकातील आणि त्यालगतच्या पोकळ्यांतील कर्करोगाशी तिचा संबंध आढळलेला आहे. रोज आठ तास हे काम करणाऱ्या कारागिरांचा धोका आमच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्यांच्या तोंडावर मी आजवर क्वचितच चांगला मास्क पाहिला आहे. रंध्याच्या ढलप्या निरुपद्रवी. काचकागदाने आणि यंत्राने उडणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ घातक. करोनाच्या काळात घरोघरी आलेले एन-९५ मास्क अजून कपाटात पडून असतील, ते इथे कामी येतात. आणि जवसाचे तेल लावून झाल्यावर त्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना उष्णता सोडते, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता फडके पेट घेऊ शकते. फडकी दोरीवर मोकळी वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत. सामायिक खोली असली, तर या चार गोष्टी तिच्या भिंतीवर मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत लिहिलेल्या असतील आणि कोणाचे तरी बोट वाचेल.

दोन्ही भाषांत, हे मी जाणूनबुजून लिहिले. आमच्या बैठकीत पटाशी मागितली तर एक जण फरसी पुढे करतो, गुण्या म्हटले तर काटखूणियो, आणि रंध्याचा तर फक्त रंधो होतो. माझ्या पिढीपर्यंत हे दोन्ही शब्द घरात होते. आता मुले दोन्हींऐवजी इंग्रजी शब्द वापरतात, आणि तेही अवजार हातात धरण्यापूर्वीच. अवजार हातात आले तर त्याचे नावही परत येते, हा आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांबाबतचा माझा अनुभव आहे.

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हौशी लोक असे काम करू लागले तर सुतारांच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. माझे निरीक्षण असे की, ज्याने स्वतः एक कुसू, म्हणजे जोडासाठी फळीच्या टोकाला काढलेली जीभ, कापून खाचेत बसवण्यासाठी तीन रविवार घालवले आहेत, तो सुतारदादांशी मजुरीवरून घासाघीस करत नाही. आम्हांपैकी कोणीही घरची कपाटे, दरवाजे, पलंग स्वतः केलेले नाहीत. ती कामे कारागिरांकडेच गेली, आणि आधीपेक्षा चांगल्या लाकडात व चांगल्या दराने गेली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य दिले जाते. ते ज्यांचे पोट या कामावर आहे त्यांच्यासाठीच आहे आणि हौशी लोकांनी त्यात वाटा मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, अशा खोलीत आठवड्यातून एक दिवस अनुभवी सुतारांना योग्य मानधन देऊन शिकवण्यासाठी बोलवावे. हात थकल्यामुळे ज्यांना मोठी कामे आता झेपत नाहीत अशा कितीतरी कारागिरांकडे देण्यासारखे खूप आहे. संखेडा आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागवान कातून त्यावर कथिलाची नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने ती घासून चमकवतात, वरून लाख चढवून केवड्याच्या पानाने जिल्हई देतात आणि त्या कथिलाला सोन्याचा रंग येतो. आपण तो झोपाळा दिवाणखान्यात टांगतो, पण कातणारा हात पाहिलेली मुले या शहरात किती असतील?

दुसरा आक्षेप अवजारे हरवण्याचा आणि बोथट होण्याचा. पुस्तकेही हरवतात आणि त्यांची पानेही फाटतात, तरी वाचनालये बंद झाली नाहीत. यावर उपाय साधे आहेत. अनामत रक्कम घ्यावी. पंधरा दिवसांची मुदत असावी. घरी फक्त हातअवजारे द्यावीत. विजेवर चालणारे एकही यंत्र खोलीबाहेर जाऊ नये आणि खोलीतही ते जाणकाराच्या देखरेखीखालीच चालावे. पेटीच्या आत प्रत्येक अवजाराच्या आकाराची खाच कोरावी, म्हणजे रिकामी खाच पाहताच काय परत आले नाही ते झाकण उघडल्याबरोबर कळेल. नेताना धार जशी होती तशी लावून परत करण्याचा नियम ठेवावा, आणि ज्याला धार लावता येत नाही त्याने ती खोलीत बसून, शिकत शिकत लावावी. माझ्या मते हा शेवटचा नियम एकटाच अशा खोलीचे सार्थक करील.

जागा फार लागत नाही. दहा फूट बाय पंधरा फुटांची, दोन खिडक्यांची, तळमजल्यावरची खोली पुरेल. शहरात विद्यार्थी कमी झाल्याने बंद पडलेले वर्ग आहेत, संस्थांच्या इमारतींत वर्षातून दोन कार्यक्रमांपुरती उघडणारी दालने आहेत. बडोद्यात ज्याला मल्लखांब परवडत नसे तो जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात असे, आणि मल्लखांब आपल्या घरी का नाही याची खंत त्याला कधी वाटली नसेल.

आपल्याला एक विनंती स्वतंत्रपणे करते. आपल्या रविवारच्या अंकात महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ या विषयाला द्यावा. वाचकांनी आपली कामे, आपल्या चुका आणि आपल्या युक्त्या लिहून पाठवाव्यात. त्यांतील सुरक्षिततेचा भाग एखाद्या कारागिराकडून तपासून घेण्याची जबाबदारी आमचा गट घेईल. पहिल्या लेखासाठी आम्ही गणपतीचे घडीचे मखर तयार ठेवले आहे. एक इंच रुंद, अर्धा इंच जाड अशा सागवानी पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींची निम्मी जाडी कापून त्या एकमेकींत बसवायच्या, कोपरे लाकडी खुंट्यांनी धरायचे आणि विसर्जनानंतर खुंट्या काढून सगळे मखर एका चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवायचे. थर्मोकोल लागत नाही. आमच्या घरचे असे मखर आता सहाव्या वर्षात आहे आणि दर भाद्रपदात खुंट्या जरा घट्ट बसतात, कारण तेव्हा हवा दमट असते. ते ठाऊक असल्यामुळे त्यांना आधी थोडे मेण चोळावे लागते.

पहिली पेटीही तयार आहे. तीत सासऱ्यांचा लहान रंधा, दोन पटाश्या, गुण्या, एक करवत, लाकडी मोगरी आणि धारेचा दगड आहे. खाचा कोरून झाल्या आहेत आणि झाकणाच्या आत नोंदीची वही बांधली आहे. ज्या संस्थेला खोली देता येईल तिने आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. पेटी मी स्वतः रिक्षातून घेऊन येईन, आणि पहिले काही रविवार धार लावायला शिकवण्यासाठी सकाळी नऊ ते बारा तिथे बसेन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे